‘साखळी ताणली’ म्हणजे घट्ट केली की लांबली?

पेरणी यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी तपासतोय. देखभालीच्या भागात वाक्य आहे, ‘साखळी ताणली असल्यास बदलावी.’ ताणली, म्हणजे कोणी पाना घेऊन घट्ट केली? मग बदलायची कशाला? आणि यंत्राच्या बाजूला मार्करचा दांडा असतो, त्याला ‘चिन्हक’ म्हटलंय. चालेल का?

——

वाक्य उलटा अर्थ देतंय. चेन ताणतो आपण. झिजून तिचं जे होतं त्याला ‘चेन लांबली’ म्हणतात. पट्ट्या काही रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि बुश (पिनेवरच्या नळ्या) झिजतात, कडीकडीत केसभर खेळ वाढतो आणि त्याची बेरीज लांबीत दिसते. अर्धा इंच पिचच्या (दोन पिनांमधलं अंतर) नव्या चेनच्या २४ कड्या ३०४.८ मिमी भरतात. त्याच ३१४ च्या पुढे गेल्या, म्हणजे साधारण ३ टक्के, तर चेन गेली समजा.

‘सैल’ वेगळं. सैल चेन ताणून कामाला लागते. लांबलेली कितीही ताणा, दातांच्या टोकावर चढते आणि उडी मारते. तेवढा वेळ बियाण्याचा शाफ्ट थांबतो. मागे वळून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. नांग्या, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, उगवणीनंतर दिसतात.

——

‘वंगण द्यावे’ असं मोघम लिहिलं असेल तर तेही बदला. वंगण म्हटलं की लोक ग्रीस थापतात. त्यात पेरणीची धूळ बसली की चेनवर चक्क सँडपेपर तयार होतो. ‘पातळ तेलाचा हात फिरवून जास्तीचे पुसावे’ असं लिहा.

——

चिन्हक नको. तो खूण करत नाही, रेघ मारतो. पुढच्या फेरीला ट्रॅक्टरचं पुढचं चाक त्या रेघेवर धरायचं असतं. मी ‘रेघदांडा’ सुचवेन.

——

रेघदांडा कानाला गोड आहे, पण सुटा भाग मागायला गेल्यावर मार्करच म्हणावं लागतं. नाम मार्कर ठेवा, क्रियापद ‘रेघ मारणे’.

मोजमापाचं वाक्य मात्र जपून. ९ फण, २२.५ सेमी अंतर, पुढच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर १३० सेमी असेल तर रेघ शेवटच्या फणापासून ४७.५ सेमीवर पडली पाहिजे. ट्रॅक्टरचा मध्य रेघेवर धरणार असाल तर ११२.५. इथे ‘फणापासून’च लिहा. ‘तासापासून’ (तास म्हणजे पेरणीची ओळ) लिहिलंत तर शेतकऱ्याला कळेल, शहरातला वाचक घड्याळ बघेल.

——

आभार. आता असं केलंय: ‘चेन सैल असल्यास ताणावी, झिजून लांबली असल्यास बदलावी.’ पुढच्या ओळीत ‘चेनलॉकच्या क्लिपचे तोंड पुढे ठेवावे’ आहे (चेनलॉक म्हणजे चेनची टोकं जोडणारी कडी). तोंड म्हणजे फट ना?

——

मी तरी फटच समजेन, आणि मग ते वाक्य घातक आहे. फट पुढे राहिली आणि क्लिप कशाला घासली की निघून पडते. ‘क्लिपची बंद बाजू चेन फिरते त्या दिशेला, फट मागे’ असं सरळ लिहा.