हुपरीच्या चांदी कारागीर भावाचा निपाणीजवळ अपघात: भरपाईचा दावा कोल्हापुरात करता येईल का? मदत हवी आहे

राजारामपुरीची_लेक

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ हुपरीत पैंजणाचं काम करतो. वय ३४. व्यापारी चांदी वजन करून देतात, दादा घरी बसून कड्या जोडतो, झाळतो, घुंगरू लावतो आणि मजुरी घेतो. दुकान नाही, पगार नाही, पगाराची स्लिप तर नाहीच.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन उसाच्या हंगामात, निपाणीहून मोटरसायकलवर परत येताना त्याचा अपघात झाला. महामार्गाला लागण्याआधीच्या रस्त्यावर उसानं भरलेली दोन ट्रॉल्यांची गाडी उभी होती. ट्रॅक्टर केए २३ पासिंगचा. ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, रस्त्यात दगड किंवा झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नव्हती. समोरून येणाऱ्या गाडीचा लाईट डोळ्यावर आला आणि दादा ट्रॉलीवर जाऊन आदळला. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. दुधाच्या गाडीवाल्या एका भल्या माणसानं त्याला तिथल्याच दवाखान्यात नेलं, तिथून आम्ही कोल्हापूरला आणलं.

उजवं मनगट मोडलं, प्लेट घातली आहे. बरगड्या भरून आल्या. पण मनगटातली नस दुखावल्यामुळं अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना स्पर्श कळत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडंफार येईल, पूर्ण सांगता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हात बरा झाल्यासारखा वाटतो. पण बारीक कडी चिमट्यात धरून झाळायची तर बोटाला ती जाणवायला हवी. मे लागला, त्यानं अजून एक पैंजण पुरं केलेलं नाही.

गुन्हा ट्रॅक्टरचालकावर नोंद आहे. मालकाकडची माणसं घरी येऊन गेली. दीड लाख रोख देतो म्हणतात, बदल्यात "आमची काही तक्रार नाही" असं स्टॅम्पवर लिहून हवं आहे. वहिनी घाबरली आहे, घरात पैशाची ओढ आहे, दादा म्हणतो घेऊन मोकळं होऊ. मला ते मान्य नाही.

माझे प्रश्न असे. अपघात कर्नाटकात झाला, मग दावा तिकडंच करायचा की कोल्हापुरात चालेल? मुदत किती? दादा मागून आदळला म्हणून सगळी चूक त्याचीच धरतील का? आणि पगार नसलेल्या माणसाची कमाई दाखवायची कशी?

---

करवीरचा_संभा

ताई, आधी एकच सांगतो. त्या स्टॅम्पवर सही करू देऊ नका. दादाला म्हणावं, दोन दिवस दम धर. बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

दावेवाली_वकील

मी मोटार अपघाताच्या दाव्यांचं काम करते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

दावा कोल्हापूर जिल्ह्यात चालेल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ प्रमाणे अपघात जिथं झाला तिथं, अर्जदार जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा सामनेवाला (ज्याच्यावर दावा आहे तो) जिथं राहतो तिथं, यांपैकी कुठल्याही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. भाऊ हुपरीत राहतात, तेवढं पुरे. गुन्ह्याचा फौजदारी खटला मात्र कर्नाटकातच चालणार, तो वेगळा.

मुदत महत्त्वाची आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. तुमचे सहा महिने जुलैमध्ये भरतात. जूनमध्येच अर्ज दाखल होऊ द्या.

त्याच तारखेपासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याची अंमलबजावणी करायला सर्व राज्यांना सांगितलं. तुमच्या बाबतीत तो गेला आहे का, ते पोलीस ठाण्यात लेखी विचारा. गेला नसेल तरी तुमचा अर्ज अडत नाही.

आता मागून धडकण्याचा मुद्दा. विमा कंपनी तो पहिल्याच तारखेला काढेल आणि भावाची निम्मी चूक धरा म्हणेल. २०१८ च्या अर्चित सैनी प्रकरणात गॅसचा टँकर रात्री रस्त्यावर दिव्याविना उभा होता आणि कार त्यावर जाऊन आदळली होती. उच्च न्यायालयात कारचालकाची निम्मी चूक धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती काढून टाकली. तुमची हकिकत त्याच्या जवळची आहे. पण ट्रॉली रस्त्यावर किती आत होती आणि दिवा, रिफ्लेक्टर नव्हता, हे पुराव्यानं दिसायला हवं. घटनास्थळ पंचनामा, नकाशा, वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल आणि तो दूधगाडीवाला, हे चार तुमचे आधार. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याला आरोपीसारखं वागवता येत नाही. हे त्या माणसाला नीट समजावून सांगा. बरेच साक्षीदार कोर्टाचं नाव ऐकूनच मागं सरतात.

दीड लाखाबद्दल. नव्या कलम १६४ मध्ये कुणाची चूक हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख धरलेले आहेत. भावाच्या हातासाठी त्याहूनही कमी रकमेवर कागद लिहून देऊ नका. आणि दाव्याचे पैसे शेवटी बहुधा विमा कंपनीनं द्यायचे असतात, मालकाच्या खिशातून नाही. तरी मालक एवढी घाई करतो आहे म्हणजे विमा, परवाना किंवा चालकाचं लायसन्स यांत काही खोट आहे का, ते तपासा. गाडीचा नंबर असला की विम्याची तारीख एम-परिवाहन या सरकारी ॲपवर दिसते.

---

राजारामपुरीची_लेक

वकीलताई, तुमचे उपकार कसे मानू. दादाला आत्ताच वाचून दाखवलं. तो गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला, कागद करायला नको.

विमा बघितला. ट्रॅक्टरचा चालू दिसतोय, ट्रॉल्यांचं काही कळेना. आणखी एक अडचण आहे. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर "गाडी घसरून पडल्यानं दुखापत" असं लिहिलंय. आम्ही कुणीच तिथं नव्हतो आणि दादा शुद्धीवर नव्हता. हे कुणी सांगितलं, देव जाणे. कोल्हापूरच्या कागदावर मात्र ट्रॉलीला धडक असं बरोबर आहे.

---

उचगावचा_मोल्डर

ताई, माझ्या बाबांच्या दाव्यात हीच खोड काढली होती. पहिल्या केसपेपरवर "फॉल" एवढंच होतं, आणि कंपनीच्या वकिलानं उलटतपासणीत तासभर तेवढंच धरून ठेवलं. आम्हाला तारलं ते दवाखान्याकडून पोलीस ठाण्याला गेलेल्या एमएलसीच्या (मेडिको-लीगल केस) खबरीनं, त्यात गाडीचा उल्लेख होता. ती प्रत तुम्हीही काढा. आत्ताच अर्ज द्या, वर्षभरानं रजिस्टर सापडत नाही म्हणतात.

दुसरं कमाईचं. बाबा भंगाराचा व्यवसाय करायचे, कागद काहीच नाही. आम्ही ज्यांच्याकडं माल जायचा त्या दोघा व्यापाऱ्यांना साक्षीला उभं केलं. नुसती चिठ्ठी लिहून आणली तर तिला किंमत देत नाहीत, लिहिणारा माणूस पिंजऱ्यात यावा लागतो. तुमच्या दादाला मजुरी देणारे व्यापारी वहीत चांदीचं वजन आणि मजुरी मांडत असतीलच. त्या वहीची पानं म्हणजे तुमची पगाराची स्लिप. बँकेत काही जमा होत असेल तर तेही काढा, फोनवरून आलेले पैसे धरून.

आणि दवाखान्यात फिरणाऱ्या एजंटांपासून जपा. कोऱ्या वकीलपत्रावर सही मागतात.

---

दावेवाली_वकील

मोल्डर भाऊंनी नेमकं सांगितलं. एजंटांच्या बाबतीत भर घालते. भरपाईत टक्का ठरवून वकिलानं फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तसं कुणी म्हणालं तर उठून या. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी परत लिहायला बसले ती. या दाव्यात सगळ्यात मोठा फरक अपंगत्वाच्या आकड्यानं पडणार आहे, आणि तिथंच कारागिरांचं नुकसान होताना मी बघत आले आहे. उपचार संपल्यावर मेडिकल बोर्ड प्रमाणपत्र देईल. समजा त्यावर २० टक्के आले. विमा कंपनी म्हणेल, कमाईही २० टक्केच बुडाली. तसं नसतं. २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की शरीराचं अपंगत्व आणि कमावण्याची ताकद कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो माणूस आधी काय काम करत होता, आता त्यातलं काय करू शकतो, दुसरं काही करू शकेल का, हे न्यायाधिकरणानं बघायचं. २०१८ च्या जगदीश विरुद्ध मोहन प्रकरणात अर्जदार सुतार होता. दोन्ही हात गेले होते, प्रमाणपत्र ९० टक्क्यांचं होतं, न्यायालयानं कमाईचं नुकसान १०० टक्के धरलं.

आकड्यांत बघा. मजुरी महिना १५,००० सिद्ध झाली असं धरू. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाची रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणतात; ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ४०,३२,०००. यावर २० टक्के धरले तर ८,०६,४०० होतात, आणि ६० टक्के धरले तर २४,१९,२००. हात तोच, प्रमाणपत्र तेच. उपचाराचा खर्च, बुडालेले महिने, वेदना, प्लेट काढायची पुढची शस्त्रक्रिया, हे सगळं याच्या वेगळं.

म्हणून डॉक्टरांची नुसती सही पुरणार नाही, डॉक्टर साक्षीला यावे लागतील. त्यांना विचारायचं की अंगठ्याला आणि बोटांना स्पर्श नसताना माणूस चिमट्यानं कडी धरू शकतो का, गॅसच्या ज्योतीजवळ बोट पोळलं तर त्याला कळेल का. नसेची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल जपून ठेवा, झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या. मजुरी देणारा व्यापारीही सांगू शकेल की याला काम देणं का थांबवलं. न्यायाधीशांनी पैंजण झाळताना कुणाला पाहिलेलं असेलच असं नाही. ते काम कसं चालतं हे त्यांच्यासमोर शब्दाशब्दानं मांडायचं असतं.

---

राजारामपुरीची_लेक

वकीलताई, पोळण्याचं तुम्ही कसं ओळखलंत? मागच्या महिन्यात दादानं हट्टानं काम करून बघितलं, तर तर्जनी भाजली आणि त्याला फोड आल्यावर कळलं. वहिनीनं त्या दिवशी सगळी हत्यारं उचलून माळ्यावर ठेवली.

---

दावेवाली_वकील

त्या फोडाचे उपचार डॉक्टरांकडं घेतले असतील तर केसपेपर काढून ठेवा. फार कामाचा कागद आहे.

---

राजारामपुरीची_लेक

घेतले होते, आहे कागद. शेवटचे तीन प्रश्न. ट्रॉल्यांचा विमा नसेल तर दावा पडतो का? पोलिसांचे सगळे कागद कन्नडमध्ये आहेत, त्यांचं काय करायचं? आणि लोकअदालतीत लवकर मिटतं म्हणतात, ते खरं का?

---

करवीरचा_संभा

ताई, मधेच बोलतो. दादाच्या बँक खात्यातून दर वर्षी २० रुपये कापले जातात का बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा असेल तर एका हाताचा वापर कायमचा पूर्ण गेल्यास १ लाख मिळतात. दादाचा हात त्यात बसेल का ते डॉक्टर सांगतील, पण बँकेत लगेच कळवून ठेवा.

---

गडहिंग्लजची_बाई

मी दोन्ही भाषांत शिकले आहे, सीमाभागात आम्हाला हे नेहमीचंच. आधी पोलीस ठाण्यातून किंवा कोर्टातून सही-शिक्क्याच्या प्रती घ्या. मग मराठी भाषांतर करून घ्या आणि भाषांतर करणाऱ्याचं शपथपत्र जोडा. ओळखीच्या माणसाकडून भागवू नका. माझ्या दिरांच्या कामात पंचनाम्यातला "रस्त्याच्या कडेला" असा शब्द एकानं "रस्त्याखाली" असा उतरवला होता आणि तो दुरुस्त करून घेण्यात बराच वेळ गेला. तुमच्या बाबतीत ट्रॉली डांबरावर होती की साईडपट्टीवर, यावरच सगळं आहे. ते वाक्य दोघांकडून वाचून घ्या.

---

दावेवाली_वकील

बाईंचं म्हणणं तंतोतंत पाळा.

ट्रॉलीचं असं, की ती कायद्यानं वेगळं वाहन धरली जाते आणि विमा कंपनी हा मुद्दा काढतेच. शेतीसाठी विमा घेतलेला ट्रॅक्टर भाड्यानं ऊस ओढत होता, असंही म्हणेल. म्हणून अर्जात ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर, मालक आणि विमा वेगवेगळा लिहा आणि सगळ्यांना सामनेवाले करा. विम्याच्या अटी मोडल्या असं ठरलं तरी कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश अनेक दाव्यांत झालेले आहेत. दावा एवढ्यावरून पडत नाही.

लोकअदालतीत लवकर मिटतं, हे खरं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात येण्याआधी आणि डॉक्टरांचं म्हणणं नोंदण्याआधी तिथं आकडा ठरवायला बसू नका. न्यायाधिकरणाचा निकाल मात्र कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळं त्यासाठी आता मुंबईला जावं लागत नाही.

या आठवड्यात दोन अर्ज द्या. एक पोलीस ठाण्याला, प्रमाणित प्रती आणि अपघात अहवालासाठी. दुसरा पहिल्या दवाखान्याला, एमएलसीची नोंद आणि पूर्ण केसपेपरसाठी. दोन्हींची पोच घ्या. व्यापाऱ्यांच्या वह्यांची मागच्या तीन वर्षांची पानं त्यांच्यासमोर फोटो काढून ठेवा, मूळ वही त्यांच्याकडंच राहू द्या, साक्षीला येताना ते घेऊन येतील.

---

राजारामपुरीची_लेक

दोन्ही अर्ज आज रात्री लिहिते. दादाची सही डाव्या हाताची आहे, ती चालेल ना?

---

दावेवाली_वकील

चालेल. बँकेतही आत्ताच नवी सही नोंदवून घ्या, म्हणजे पुढं रक्कम जमा होताना अडणार नाही.