गणपतीच्या शिलकीचं काय करायचं?

प्रेषक: खजिनदार
प्रति: मंडळ यादी, कंपाला (युगांडा)

नमस्कार मंडळी,

हिशोब एकदाचा लागला. मंडप, मूर्तीची वाहतूक, हॉलचं भाडं, दोन दिवसांचा महाप्रसाद सगळं देऊन १ कोटी २० लाख शिलिंग उरलेत, म्हणजे डॉलरमध्ये तीन हजारांच्या थोडं वर. मागच्या वर्षी आपण ब्लँकेटं आणि तांदूळ वाटला, फोटो काढले, आणि घरी आलो. या वर्षी मला वेगळं काही सुचवायचंय, जरा लांबलचक लिहिणारे, पण पूर्ण वाचा प्लीज.

आपल्यातल्या बऱ्याच जणी त्या काँगोली बायकांना ओळखतात, खांद्यावर कितेंगेच्या (इथल्या रंगीत छापील कापडाच्या) घड्या टाकून बिल्डिंगा-बिल्डिंगांतून फिरतात त्या. त्यातल्या एकीशी माझी दोन वर्षांची ओळख आहे. पूर्व काँगोतल्या गोमा शहरात तिचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं. आता इथे कंपालातल्या न्सांब्यात एका खोलीत चार मुलं घेऊन राहते, रोज सकाळी डाउनटाउनच्या होलसेलवाल्याकडून तीन-चार पीस उधारीवर उचलते (सहा वारांचा एक पीस, आपल्या सहावारीसारखाच), दिवसभर चालते, संध्याकाळी उधारी फेडते, उरेल त्यात पोशो (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि बीन्स. पाऊस पडला की त्या दिवशी काहीच नाही. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा जास्त असतो, म्हणजे ती जितकी चालते त्यातला मोठा वाटा दुसऱ्याच्या खिशात जातो. धंदा तिला आपल्यापेक्षा चांगला येतो. तिच्याकडे भांडवल नाही एवढंच.

आपण म्हणतो की युगांडा निर्वासितांना चांगलं वागवतो आणि ते खरंच आहे, २००६ च्या कायद्याने त्यांना काम करायचा, फिरायचा हक्क आहे, निर्वासितांच्या वसाहतीत गेलं तर जमिनीचा तुकडाही मिळतो, १७ लाखांहून जास्त लोक या देशाने सांभाळलेत. पण शहरात राहायचं ठरवलं की रेशन नाही, जमीन नाही, तुमचं तुम्ही बघा. आणि वसाहतीतलंही आटत चाललंय, २०२५ च्या मे मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने पैशाअभावी इथल्या जवळपास दहा लाख लोकांचं अन्न बंद केलं. त्यातले बरेच शहराकडे येणारच की.

माझा प्रस्ताव: आठ जणींना प्रत्येकी १५ लाख शिलिंग, एकदाच, रोख, परतफेड नाही. कशाला वापरायचे ते त्यांनी ठरवायचं. न्सांब्यात त्यांचा बचत गट आहे, आपल्या भिशीसारखाच, फक्त लोखंडी पेटीला तीन कुलपं आणि तीन किल्ल्या तीन बायकांकडे, तिघी असल्याशिवाय पेटी उघडत नाही. कुणाची गरज जास्त आणि कुणाला धंदा जमतो हे त्या गटालाच कळतं, आपल्याला नाही.

दर महिन्याला थोडे थोडे का नको, असं कालच मला फोनवर विचारलं एकाने. थोडे थोडे आले की ते खाण्यात जातात, आणि त्यात त्या बाईची चूक काहीच नाही, पोटाला आधी लागतंच. एकरकमी आले तरच ठोक माल, हातगाडी, स्टॉलचं लायसन्स असलं काही होतं. किर्यांडोंगोच्या निर्वासित वसाहतीत गिव्हडायरेक्टली या संस्थेने घरटी साधारण हजार डॉलर दिले ते याच विचाराने.

तुमचं मत कळवा. नाही म्हणायचं असेल तरी लिहा, गप्प बसू नका.

–––

प्रेषक: जिंजाचे काका
प्रति: मंडळ यादी

ताई, सविनय असहमत.

भावना समजतो. पण हा लोकांच्या वर्गणीचा पैसा आहे, देवाच्या नावाने जमवलेला. रोख दिली की कुठे गेली कोण बघणार? घरभाडं थकलेलं असतं, नवऱ्याला व्यसन असतं, गावाकडून नातेवाईक येऊन बसतात. मी तीस वर्षं या देशात माणसं कामाला ठेवतोय, ॲडव्हान्सचं काय होतं ते मला विचारा. वस्तू द्या. शिलाई मशीन द्या, पायाने चालणारी, चांगल्या कंपनीची. मशीन दिसतं, पाच वर्षांनी जाऊन बघता येतं, आणि वार्षिक सभेत दाखवता येतं.

–––

प्रेषक: बुगोलोबी
प्रति: मंडळ यादी

मला कॅश चालेल, पण वेगळाच प्रश्न आहे. आपल्या हॉलचा वॉचमन, ज्याने विसर्जनाला रात्री दोनपर्यंत गाड्या सांभाळल्या, तोही न्सांब्याकडेच राहतो, भाडं तेच, पोरांच्या फिया त्याच. शेजारच्या खोलीत आपण १५ लाख देणार आणि त्याच्या दारावरून पुढे जाणार? मग उद्या त्या बायकांनाच शेजाऱ्यांचा त्रास झाला तर? मला वाटतं हे आधी क्लिअर करायला हवं.

–––

प्रेषक: मसिंदीच्या वहिनी
प्रति: मंडळ यादी

नमस्कार सगळ्यांना, आमच्याकडे नेट धड नसतं म्हणून उशिरा लिहितेय.

काका, तुमचा मान राखून सांगते, शिलाई मशीनचं मी डोळ्यांनी बघितलंय. आमचे हे साखर कारखान्यात, त्यामुळं भाजीला आणि बाकी सामानाला महिन्यातून एकदा ब्वेयालेच्या बाजाराला जाणं होतं, तिथनं किर्यांडोंगोची वसाहत अगदी लागूनच. त्या बाजारात नवीकोरी मशीनं विकायला असतात, वर कुठल्या कुठल्या संस्थेचा स्टिकर तसाच. निम्म्या किमतीला. विचारलं तर म्हणतात, ट्रेनिंग झालं, मशीन मिळालं, पण एका वसाहतीत एवढ्या जणी शिवायला बसल्या तर शिवून घेणार कोण? मग बायका मशीन विकतात आणि त्यांना पहिल्यापास्नं जे पाहिजे होतं ते घेतात. कुणी शेळ्या घेतं, कुणी घरावर पत्रे. म्हणजे शेवटी रोखच झाली, फक्त मधी निम्मी वाया गेली.

आणि आता २०२३ पासनं सुदानची माणसं आलीत तिकडं, खार्टूमची. ही शहरातली माणसं हो, कुणी मास्तर, कुणी बँकेत, त्यांना जमिनीचा तुकडा देऊन मका लाव म्हटलं तर कसं जमायचं. एक बाई रस्त्याकडेला चहा करती, खार्टूमलाही म्हणे बायका अशाच चहाच्या टपऱ्या लावायच्या, आल्याचा, लवंगेचा, सुंदर चहा असतो. तिला मी विचारलं, समजा पैसे मिळाले तर काय करशील. मला वाटलं मोठी टपरी म्हणेल. ती म्हणाली, आधी खुर्च्या. बसायला मिळालं की माणूस दुसरा कप घेतं. आता हे मला काय, आपल्या अख्ख्या कमिटीला सुचलं नसतं.

एक मात्र आहे, वसाहतीत जाऊन आपण थेट काही वाटायचं म्हटलं तर पंतप्रधान कार्यालयाची परवानगी लागते, ते आपल्याच्यानं या वर्षी व्हायचं नाही. त्यामुळं ताई म्हणतात तसं कंपालातच करा. माझ्या चहावालीचं मी बघते.

–––

प्रेषक: एन्टेबी रोड
प्रति: मंडळ यादी

सगळं वाचलं. एक वेगळा विचार मांडतो. इथे त्यांना उभं करण्यापेक्षा मायदेशी परत जायला मदत केली तर? बसभाडं, सुरुवातीचे काही महिने. शेवटी आपलं घर ते आपलं घर.

–––

प्रेषक: खजिनदार
प्रति: मंडळ यादी

दादा, कुठे परत? गोमा जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं, पुढच्याच महिन्यात बुकावू. लोक अजून तिकडून इकडे येताहेत.

आणि परत जाण्यासाठी म्हणून पैसे द्यायला लागलं की त्याचा अर्थच बदलतो. २०१६ ला पाकिस्तानातून अफगाण लोक परत जात होते तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने माणशी मदत २०० डॉलरवरून ४०० केली होती. त्याच वर्षी तिकडे पोलिसांचा जाच चालू होता, झडत्या, पैसे उकळणं, घरमालक घर सोडा म्हणतायत. साडेतीन लाखांहून जास्त नोंदणीकृत निर्वासित परत गेले. ते स्वतःच्या इच्छेने गेले की हाकलले गेले यावर मानवी हक्कवाल्यांनी खूप टीका केली, पुढच्या वर्षी रक्कम परत २०० वर आली. ज्यांनी स्वतः ठरवून जायचं पक्कं केलंय त्यांना तिकडे पोचल्यावर पैसे मिळायलाच हवेत, घर पडलेलं असतं, जमिनीवर दुसरा बसलेला असतो. पण जायचं की राहायचं हे ठरवायला आपले पैसे कारण होऊ नयेत.

बुगोलोबी, तुझा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि माझ्या प्रस्तावात तो नव्हता, ती माझी चूक. इथल्या सरकारचंही धोरण आहे की निर्वासितांसाठी आलेल्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आजूबाजूच्या स्थानिकांपर्यंत पोचावा. कंपालातच संशोधकांनी एक प्रयोग केला होता, छोटे धंदे करणाऱ्या युगांडन लोकांना पैसे दिले आणि स्पष्ट सांगितलं की निर्वासितांच्या मदतीमुळे हे तुमच्यापर्यंत आलेत, तर त्यांचं निर्वासितांबद्दलचं मत खरंच बदललं. तेव्हा सहा काँगोली आणि दोन त्याच गल्लीतल्या युगांडन बायका असं करू. बचत गटात त्या दोघी आधीपासूनच आहेत, मी विचारून घेतलं. वॉचमनचं मात्र मंडळाने पगारातच बघायला पाहिजे, त्याला दान नको, वाढ द्यायची. तो विषय मी सभेत घेतेच आहे.

–––

प्रेषक: जिंजाचे काका
प्रति: मंडळ यादी

वहिनींची मेल वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

मी अकरा वर्षांचा होतो. ४ ऑगस्ट १९७२ ला इथला हुकूमशहा इदी अमीनने आपल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवसांची मुदत दिली. आधी म्हणाले ब्रिटिश पासपोर्टवाले, मग भारताचे पासपोर्टवालेही. वडील जिंजाला जिनिंगमध्ये हिशोबनीस. घर, सायकली, आईचं हार्मोनियम, सगळं जागच्या जागी ठेवून निघालो, बरोबर पन्नासेक पौंड नेता येत होते. मोंबासापर्यंत रेल्वे, वाटेत सैनिक डब्यात चढून सामान उचकत होते. आईने बांगड्या कशा वाचवल्या ते तिने आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मोंबासाहून बोट, मुंबईला उतरलो.

त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ. रेशनला मिलो मिळायची, तांबडी ज्वारी, तिची भाकरी आम्हाला जाईना. गिरगावात मावशीच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण वाढलो. सगळ्यांनी खूप केलं, कपडे दिले, भांडी दिली, वडिलांना नोकरीसाठी चिठ्ठ्या दिल्या. पण आईच्या मामांनी एका पाकिटात सातशे रुपये ठेवून आईच्या हातात दिले, आईच्या, वडिलांच्या नाही, आणि कशाला ते विचारलं नाही. पुन्हा कधीच विचारलं नाही. वडिलांच्या मनात टाइपरायटर होता. आईने दोन स्टोव्ह आणि पितळी डबे घेतले आणि फोर्टातल्या ऑफिसांत डबे द्यायला लागली. माझं शिक्षण त्या डब्यांवर झालंय.

मामांनी शिलाई मशीन आणून दिलं असतं तर? आईला शिवता येत नव्हतं.

हे मी विसरलो नव्हतो, पण इथे जोडून बघितलं नव्हतं. ९४ साली मी नोकरीवर परत या गावात आलो, आमच्या घरात दुसरं कुटुंब होतं, मी रस्त्यावरून बघितलं आणि पुढे गेलो, दार वाजवलं नाही.

ताई, रोखच द्या. नवव्या बाईचे १५ लाख माझ्याकडून. वार्षिक सभेत त्यांना उभं करू नका, फोटो नको, कृतज्ञतेचं भाषण नको. आम्हाला चाळीच्या गच्चीवर एकदा उभं केलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या, ते अजून आठवतं.

–––

प्रेषक: खजिनदार
प्रति: मंडळ यादी

काका, काय लिहू. फोन करते संध्याकाळी.

बाकीच्यांसाठी, आजपर्यंत २३ होकार, १ नकार, तेव्हा करतोय. आता कामाचं:

वेळ महत्त्वाची आहे. फेब्रुवारीत शाळा सुरू होतात, तेव्हा दिले तर सगळे फीत जातील. कितेंगेचा खरा सीझन ख्रिसमसच्या आधी, प्रत्येकीला नवा ड्रेस हवा असतो, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पैसे हातात हवेत. सभा नोव्हेंबरच्या शेवटी आहे, त्यामुळे मंजुरी आत्ता ईमेलवर आणि नोंद सभेत. नियमात हे बसतं, मी बघितलंय.

पैसे मोबाइल मनीने. काढताना कंपनीचं शुल्क आणि वर अर्धा टक्का सरकारी कर लागतो, तो आपण जास्तीचा घालून पाठवायचा, त्यांच्या १५ लाखांतून जायला नको. निर्वासित कार्डावर सिम घेताना अडचणी येतात म्हणून कितीतरी जणींचं सिम घरमालकाच्या किंवा दिराच्या नावावर आहे. पैसे त्या नंबरवर गेले तर ते तिचे राहतील याची खात्री नाही. तेव्हा नऊही नंबर आधी हजार-हजार शिलिंग पाठवून तपासायचे, नाव कुणाचं येतं बघायचं, आणि दुसऱ्याचं आलं तर त्या बाईबरोबर दुकानात जाऊन तिच्या नावाचं सिम काढून द्यायचं. त्यात अख्खा दिवस जाऊ शकतो. ज्यांना फ्रेंच किंवा स्वाहिली येतं असे दोघे जण मला शनिवारी हवेत, सकाळी नऊला, न्सांब्याच्या पोलीस बॅरॅक्सच्या बाजूच्या स्टेजवर (टॅक्सीच्या थांब्यावर). बुगोलोबी, तुला स्वाहिली येतं ना? तुझं नाव धरतेय. अजून एक जण?

वहिनी, चहावालीच्या खुर्च्या किती, ते कळवा.