स्पोर्ट टूरर (लांब पल्ल्याच्या वेगवान बाइक) खऱ्याखुऱ्या किती पळतात? सोलापूर–पुणे जाऊन-येऊन, बजेट अडीच लाख

होटगीनाका (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. दर शनिवारी सोलापूरहून पुणे आणि सोमवारी पहाटे परत, असं निदान दोन वर्षं चालणार आहे. महिन्यातून एखाद्या वेळी घरच्यांना मागे बसवून तुळजापूर. बजेट ऑन-रोड अडीच लाख, त्यावर जाणार नाही. सेकंड हँड नको. यादीत डॉमिनार ४००, करिझ्मा एक्सएमआर आणि जिक्सर एसएफ २५० आहेत. व्हिडिओत कुणी मीटरवर १५० दाखवतं, कुणी १७०. मला दोनच गोष्टी हव्यात. मीटरचा वेग आणि खरा वेग यांत किती फरक असतो? आणि दोन-तीन तास सलग चालवताना गाडी कुठल्या वेगाला निवांत राहते?

एमएच१३_ट्विन
अडीच लाखात अर्धवट गाडी घेऊन वर्षात विकण्यापेक्षा वापरलेली निन्जा ६५० बघा. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, ६८ पीएस (अश्वशक्ती) ताकद, २०० च्या पुढे सहज. शंभरला इंजिन अर्ध्या झोपेत असतं. एकदाच घ्या, दहा वर्षं बघायला नको.

दमाणीनगर
डॉमिनार. विषय संपला. ३७३ सीसी, ४० पीएस, ३५ एनएम टॉर्क, लिक्विड कूल्ड (कूलंटने थंड होणारं इंजिन). मीटरला १६० लागतं. मागे माणूस बसला तरी फरक जाणवत नाही. १९० किलोच्या आसपास वजन असल्यामुळे ट्रकच्या झोतात हलत नाही. माझी तीच आहे, दुसरं काही सुचवणार नाही.

होटगीनाका
ट्विन दादा, सेकंड हँड नको असं वर लिहिलंय.

चेनस्प्रॉकेट
होटगीनाका, प्रश्न नीट विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो.

मीटरचा नियम असा की त्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर चालतो. त्यामुळे प्रत्येक कंपनी थोडं वरच ठेवते. साधारण ५ ते ८ टक्के धरा. मीटरवर १०० म्हणजे खरे ९३-९५. मीटरवर १६० म्हणजे खरे १५० च्या आसपास. व्हिडिओतले आकडे याच हिशेबाने वाचा.

आता टॉप स्पीड ठरतं कशावर? सीसीवर नाही. वाऱ्यावर. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. मध्यम फेअरिंगची (वारा कापणाऱ्या पुढच्या कवचाची) गाडी, एक माणूस, सपाट रस्ता आणि वारा पडलेला धरला तर मागच्या चाकावर लागणारी ताकद ढोबळमानाने अशी येते: १०० ला ९ पीएस, १५० ला २७, २०० ला ६१, २५० ला ११७. कंपनी जो आकडा छापते तो क्रँकचा, म्हणजे थेट इंजिनातून निघणाऱ्या ताकदीचा. गिअरबॉक्स आणि चेनमध्ये १०-१५ टक्के जातात. म्हणून ४० पीएसची गाडी खरे १५५-१६५, ६८ पीएसची २००-२१० आणि १४२ पीएसची निन्जा १०००एसएक्स २५० च्या आसपास. यापेक्षा फार जास्त कुणी सांगत असेल तर तो मीटर वाचून सांगतोय.

आरामाचा वेग वेगळा. इंजिन आपल्या कमाल ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर ते तासन्‌तास तापत नाही, हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि ओव्हरटेकला राखीव उरतं. १०० ला ९ लागतात. म्हणजे चाकावर २७ मिळत असतील तर १०० हा आरामाचा वेग.

कंबरतलाव
तिसरा हिस्सा वगैरे ठीक आहे, पण सोलापूरचा उन्हाळा धरला का? मे महिन्यात ४३-४४ अंशाला हवा विरळ असते. टॉप स्पीड सरळ १५-२० ने पडतं. पुण्या-मुंबईचे आकडे इथं चालत नाहीत.

चेनस्प्रॉकेट
मालक, हवा विरळ झाली की इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, ताकद १०-१२ टक्के पडते, इथपर्यंत बरोबर. पण त्याच विरळ हवेचा गाडीला होणारा विरोधही तेवढाच कमी होतो. दोन्ही एकमेकांना खातात आणि टॉप स्पीड जवळपास तिथंच राहतं. मार बसतो तो पिकअपला, कारण वजन कमी होत नाही. ओव्हरटेकला नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते, तो हिशेब उन्हाळ्यात ठेवावा. गरम हवेत नॉकिंग (पेट्रोल भलत्या वेळी पेटणं) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, तोही थोडा फरक पडतो. पण १५-२० नाही.

कंबरतलाव
माझ्या गाडीला फरक पडतो. आकडेमोड काही सांगो.

जुळेसोलापूर
कंबरतलाव, मग रेडिएटर बघा आधी. पुढच्या चाकाने उडालेली धूळ, किडे आणि चिखल फिन्समध्ये बसतो आणि पंखा सारखा चालू राहतो. मऊ ब्रश आणि साधं पाणी मागच्या बाजूने सोडा. प्रेशर वॉशर अजिबात नाही, फिन्स वाकतात. कूलंट तयार मिश्रणाचं किंवा डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. माझ्या गाडीत एका सर्व्हिसला बोअरचं पाणी भरून दिलं होतं. क्षार बसून थर्मोस्टॅट अडकला. तेव्हापासून कॅप थंड असताना उघडून स्वतः रंग बघतो. कूलंट हिरवं, निळं किंवा गुलाबी असतं. पाण्यासारखं दिसलं तर गाडी परत आत लावा.

एमएच१३_ट्विन
म्हणूनच मोठी गाडी. तिथे इंजिनावर ताणच नाही. बजेट थोडं ताणलं तर निन्जा ११००एसएक्स आहे, १०९९ सीसी, १३६ पीएस, खरी स्पोर्ट टूरर तीच. क्रूझ कंट्रोल, समायोजित होणारी काच, सगळं.

दमाणीनगर
अडीच लाख ताणून ती कशी बसणार राव.

दयानंदरोड
वेगाचाच विषय निघालाय तर सुझुकीची हायाबुसा. १९९९ ला आली तेव्हा ३१० च्या वर गेली. त्यानंतर युरोपात बंदीची भाषा सुरू झाली आणि जपानी कंपन्यांनी आपसात २९९ वर थांबायचं ठरवलं. आजही मीटर २९९ ला थांबतं.

चेनस्प्रॉकेट
मीटर थांबतं आणि इंजिनही तिथंच रोखलं जातं. पण ती स्पोर्ट टूररच्या पलीकडची गोष्ट. तिथे टायरवरचं शेवटचं अक्षर बघावं लागतं. एस म्हणजे १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. कंसातला डब्ल्यू २७० च्या वर. आपल्या यादीतल्या गाड्यांनाही हे लागू आहे: टायर बदलताना स्वस्तातला पी घेतला तर मर्यादा १५०. बाजूच्या चार आकड्यांवर तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचं रबर नक्षी कितीही दिसली तरी सलग वेगाला नको.

सात_रस्ता
डॉमिनार घेतली तर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दात मोठं टाका. हायवेला आरपीएम (इंजिनाचे फेरे) उतरतो, मायलेज वाढतं, टॉपही वाढतं. सगळे टाकतात.

चेनस्प्रॉकेट
आरपीएम उतरतो, बरोबर. पंधराचे सोळा केले तर सुमारे ६ टक्के. टॉप वाढत नाही, बहुतेक वेळा घटतं. सहाव्या गिअरात गाडी कमाल ताकदीच्या आरपीएमपर्यंत पोचतच नाही, वारा आधीच थोपवतो. मग टॉप पाचव्यात मिळतं. मागे माणूस असताना तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या-चौथ्यात सारखी अदलाबदल करावी लागते. काही गाड्यांत वेगाचा सेन्सर स्प्रॉकेटपाशी असतो, तिथे मीटरही चुकायला लागतं. कंपनीने दिलेलंच ठेवा. चेनची ढील पुस्तिकेत असते, साधारण २५-३५ मिमी. चाक फिरवून तीन जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. सर्वांत घट्ट जागेला ढील बरोबर हवी. दर ५००-६०० किमीला साफ करून ल्यूब. तुमच्या हिशेबात प्रत्येक पुणे फेरीनंतर एकदा.

सात_रस्ता
माझ्या मते वाढतं. ज्याची त्याची गाडी.

बाळेफाटा
खरा वेग मोजायची पद्धत कुणीच सांगितली नाही, म्हणून लिहितो. मोबाईलचा जीपीएस चालतो, पण तो दोन-तीन सेकंद मागे असतो. म्हणून मीटरचा काटा एका आकड्यावर निदान १५ सेकंद स्थिर धरा आणि मग मागच्याने आकडा वाचावा, चालवणाऱ्याने नाही. मोबाईल नको असेल तर किलोमीटरचे दगड आहेतच. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले त्याने ३६०० ला भागा. ४५ सेकंद म्हणजे खरे ८०, ४० म्हणजे ९०. कोंडीच्या पुढे मोहोळपर्यंत दोन-चार दगड धरून सरासरी काढा. जाताना आणि येताना दोन्हीकडे मोजायचं, कारण वारा एका बाजूला मदत करतो आणि दुसऱ्या बाजूला अडवतो. मीटर ८० ला धरूनच हे करा, टक्केवारी तीच निघते. त्यासाठी १४० मारायची गरज नाही.

आणि वारा हलक्यात घेऊ नका. समोरून २० चा वारा असेल तर १०० ला विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. पळसदेव-भिगवणला उजनीच्या पाण्यावरून आडवा येतो तेव्हा कोपर सैल ठेवायचं, हँडल घट्ट धरलं की गाडी जास्त डोलते.

पंढरपूररोड
एक गोष्ट सगळे विसरताय. चौपदरी हायवेला दुचाकीची मर्यादा ८० आहे.

एमएच१३_ट्विन
ती १०० आहे.

पंढरपूररोड
१०० मोटारींना. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत दुचाकीला चौपदरी रस्त्यावर ८०, शहरातल्या रस्त्यांवर ६०. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. कमाल वेग बघायचाच असेल त्याने इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किमीचा ट्रॅक आहे ते समजून घ्यावं, तशाच जागेवर ते आकडे निघतात.

आता आपला रस्ता. ८० ला थांबायला प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून सुमारे ७० मीटर लागतात. १२० ला १३०. हेडलाइटचा लो बीम ५०-६० मीटरच दाखवतो. ऊसतोडीच्या हंगामात टेंभुर्णी-मोडनिंब पट्ट्यात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वीसच्या वेगाने चाललेला असतो, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर दीड-दोन फूट आलेली. ती टोकं दिव्यात दिसतात तेव्हा अंतर संपलेलं असतं. सोमवारी पहाटे म्हणालात ना? उजाडल्यावर निघा. ऑक्टोबर शेवट ते मार्च हे पाळाच.

मोडनिंबकर
हे शंभर टक्के. त्या टोकांना काही बांधत नाहीत. कारखान्यांनी रिफ्लेक्टरची पट्टी दिली तरी ती धुळीने झाकली जाते. डाव्या लेनमध्ये रात्री जाऊच नका, मधली रेषा धरून उजव्या लेनच्या डाव्या काठाने चला आणि हाय बीम सोडू नका.

दमाणीनगर
डॉमिनारचा लाइट चांगला आहे.

कंबरतलाव
अपाचे आरआर ३१० का घेतली नाही यादीत? फेअरिंग या गाड्यांत सगळ्यांत चांगलं तिचंच. कुणी म्हणालं १२५ च्या वर जात नाही तर ते अर्बन किंवा रेन मोडमध्ये असेल, त्यात ताकद कापलेली असते. स्पोर्ट किंवा ट्रॅकला टाका, १६० ची आहे.

होटगीनाका
बजेट.

जुळेसोलापूर
बजेटवरून आठवलं, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याहून जास्त सीसीला ४० टक्के. ३७३ सीसीची गाडी वरच्या खान्यात पडते. शोरूमचा जुना कागद दाखवून कुणी भाव सांगत असेल तर आजचा ऑन-रोड लेखी घ्या. इन्शुरन्स पाच वर्षांचा थर्ड पार्टी आहे का, ॲक्सेसरीज आपण न मागता लावल्यात का, ते ओळ न्‌ ओळ बघा.

जिक्सर मात्र नको. ऑइल कूल्ड आहे, सोलापूरच्या उन्हात सलग अडीच तास नाही टिकायची. करिझ्मा एक्सएमआर घ्या, २१० सीसी असली तरी लिक्विड कूल्ड आहे, २५.५ पीएस.

दमाणीनगर
दोन्ही नको. डॉमिनार.

होटगीनाका
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झाला: जिक्सर एसएफ २५०.

कारण सांगतो. चेनस्प्रॉकेट यांचा हिशेब मी कागदावर मांडला. मर्यादा ८०, मी फार तर मीटरवर ८५ धरणार. त्या वेगाला चाकावर ६ पीएसही लागत नाहीत. २६.५ पीएसच्या गाडीला चाकावर २३ मिळतात असं धरलं तरी इंजिन पाव ताकदीवर चालणार. पाव ताकदीवर चालणारं इंजिन ऑइल कूलिंगवर तापायचं कारण मला दिसत नाही, कारण उष्णता ताकदीच्या प्रमाणातच तयार होते. जुळेसोलापूर यांचा मुद्दा १३० धरणाऱ्यासाठी खरा आहे. तुळजापूर घाटासाठी मागे माणूस धरून पाच टक्के चढाला ८० ला अजून साडेचार पीएस, तेही बसतात. वेळेचं म्हणाल तर लोणीपासून पुढचे तीसेक किमी कुठल्याही गाडीला एक तास घेतात. उरलेल्या २२० किमीला ८० ने पावणेतीन तास आणि १०० ने सव्वादोन. त्या अर्ध्या तासासाठी मला जास्त पैसे आणि १९० किलो वजन नको. टाकी १२ लिटरची, एका टाकीत पुणे गाठून उरतं. ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक मारल्यावर दोन्ही चाकं लॉक न होऊ देणारी यंत्रणा) आहे.

एमएच१३_ट्विन
वर्षभरात मोठी घ्यावीशी वाटेल. तेव्हा सांगा, चांगली निन्जा शोधून देतो.

दमाणीनगर
चुकताय. पण अभिनंदन.

चेनस्प्रॉकेट
हिशेब बरोबर मांडलाय. एक दुरुस्ती: ऑइल कूल्डमध्ये ऑइल हेच कूलंट, म्हणून पातळी दर दुसऱ्या फेरीला बघा. गाडी सपाट जागेवर सरळ उभी, इंजिन बंद करून तीन मिनिटं थांबून. ग्रेड पुस्तिकेतलीच. पुढे छोटा ऑइल कूलर आहे, त्याच्यासमोर नंबर प्लेट किंवा जाळी काही लावू नका. पहिले १००० किमी एकाच वेगाला धरून पुण्याला जाऊ नका. आरपीएम वरखाली करत राहा, सहाव्यात कमी आरपीएमवर थ्रॉटल पूर्ण पिळू नका, आणि पहिलं ऑइल १००० ला बदला.

होटगीनाका
टायरमध्ये हवा? दुपारी मोहोळला थांबलो आणि जास्त दाखवली तर काढायची का?

चेनस्प्रॉकेट
काढायची नाही. छापलेला आकडा थंड टायरचा असतो. तापल्यावर तीन-चार पीएसआय वाढणारच. ती काढली तर सकाळी थंड झाल्यावर कमी पडते आणि कमी हवेचं टायर जास्त तापतं. शनिवारी निघण्याआधी घरासमोर, गाडी सावलीत असताना मोजा. स्वतःचा गेज घ्या, पंपावरच्या यंत्रात फरक असतो.