शांघायमधला कसरतींचा प्रयोग: तिकीट कुठल्या रांगेचं घ्यावं?

रानवाट:
शांघायच्या मुक्कामात एक रात्र सर्कस वर्ल्डमधल्या कसरतींसाठी राखून ठेवली आहे. सोबत सासूबाई आणि आठ वर्षांची लेक. पुढची महाग तिकिटं काढावीत का? आणि जायचं-यायचं कसं?

तिसरी घंटा:
अगदी पुढे बसू नका. हवेतले खेळ तिथून पार डोक्यावर येतात, मान अवघडते. मंचासमोरचा मधला भाग, मधल्या रांगा सगळ्यात चांगल्या. तिथून मानवी मनोरा पायापासून शेंड्यापर्यंत एका नजरेत मावतो. सगळे वरच्याकडे बघतात, पण खरी कमाल तळाच्या माणसाची. वरचा झुकेल तिकडे तो वीतभर पाऊल सरकवतो आणि तोल परत खाली आणतो. लेकीला ते पाऊल आवर्जून दाखवा.

खांबावरचा खेळ असेल तर मल्लखांबाची आठवण येईल. पण आपला खांब लाकडी, एरंडेल चोळलेला, आणि पकड उघड्या अंगाची. त्यांच्या धातूच्या खांबावर रबर चढवलेलं असतं. त्यावरून उघड्या अंगाने घसरलं तर कातडी सोलवटते, म्हणून अंगभर जाड कपडे.

चांदणचुरा:
मेट्रोनेच जा. पीपल्स स्क्वेअरहून १ नंबरची लाइन, फूजिन रोडच्या दिशेची गाडी. सहावं स्टेशन शांघाय सर्कस वर्ल्ड, मध्ये बदलायचं काही नाही. प्रत्येक स्टेशनात बॅग तपासतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ फलाटावर बघून घ्या. तिकीट पासपोर्टवर काढलं असेल तर मूळ पासपोर्टच न्या, झेरॉक्सवर विसंबू नका.

रानवाट:
आभार! मोबाइलवर शूटिंग चालतं का? आणि लोखंडी गोलातल्या मोटरसायकलींना लेक घाबरेल का?

तिसरी घंटा:
शूटिंगचं दारावरच विचारा. फ्लॅश मात्र कधीच नको. तोल सांभाळणारा कलाकार नजर एका बिंदूवर रोवून असतो. डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी आली तरी तोल जातो.

गोलाची भीती आवाजाची जास्त, कानात घालायला कापूस न्या. गाडी का पडत नाही ते लेकीला आधीच सांगून ठेवा. अडीच मीटर त्रिज्येच्या गोलात, हिशेबाने, माथ्यावर ताशी साधारण १८ किलोमीटर वेग लागतो. त्याहून कमी पडला तर चाकं जाळीवरून सुटतात.