भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवा
दादा, ‘पुढच्या वेळी मतदानालाच जात नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं. खोटं कशाला बोलू, निकालाच्या रात्री मलाही जेवण गेलं नाही. हमीभावाच्या खाली सोयाबीन विकून आलेला माणूस पुन्हा तेच बटण दाबतो, तेव्हा डोकं बधिर होतं.

पण आपल्याच भंडाऱ्यात १९५४च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब हरले होते. त्याआधी १९५२ला मुंबईतही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी जे घडलं, ते कोणत्या मतपेटीत मावलं असतं?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे आदिवासी गाव घ्या. वनहक्क कायदा २००६चा, गावाला जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले २००९ला, अन् बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. कायदा हातात असून एवढी वर्षं! ती माणसं मात्र सभेला बसत राहिली, सर्वसहमती होईपर्यंत.

(आमच्या गावात ग्रामसभेचा कोरमच, म्हणजे लागते तेवढी हजेरीच, भरत नाही, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात. मला राग खरा त्याचा आहे, निकालाचा नंतर.)

तुमच्याकडे २६ जानेवारीची ग्रामसभा खरंच भरते का, की कागदावरच?