प्रति: दात काढण्याआधी रक्त पातळ करायची गोळी
दात काढण्याआधी ही गोळी २ दिवस आपली आपणच बंद करा, असा सल्ला वर कुणी दिलाय, तो पटला नाही. रक्त पातळ करणाऱ्या अ‍ॅस्पिरिनचा परिणाम ७-१० दिवस टिकतो. २ दिवसांत फायदा फारसा नाही, स्टेंटवाल्याला (हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलेल्याला) रक्ताच्या गुठळीचा धोका मात्र वाढतो. हिरडीतलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं.

माझे सासरे वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या दुसऱ्या गोळीवर. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवली, आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) करून आणायला लावला, एकच दात काढला, टाका घातला आणि बोळा चावत तिथंच बसवून ठेवलं. (तांबडा रस्सा त्या दिवशी बंद, यावरच जास्त कुरकुर.) वेळ मुद्दाम सकाळची; पुन्हा रक्त आलंच तर दवाखाना उघडा असतो. गगनबावडा, राधानगरीसारख्या लांबच्या गावांकडून येणाऱ्यांनी तर संध्याकाळची वेळ घेऊच नये. शेवटची एसटी गेल्यावर करणार काय?