चॅटबॉटच्या तोंडच्या सावित्रीबाई

जुन्नरची: एका गुरुजींनी इथे लिहिलंय की आठवीच्या वर्गात चॅटबॉटला 'सावित्रीबाई फुले' व्हायला सांगितलं, मुलांनी प्रश्न विचारले, तास रंगला. 'घरच्यांचा विरोध होता का?' यावर बॉटच्या सावित्रीबाई म्हणतात, 'हो, पण मी सर्वांना प्रेमाने समजावले.' हे वाचून डोकं फिरलं. १८५६ साली त्यांनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र काढा. भाऊ म्हणतो, महार-मांगांसाठी खपून तुम्ही कुळाला बट्टा लावला. बाई त्याला तिथल्या तिथे ऐकवतात: गाय-शेळी कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, आणि माणसाचा विटाळ मानतोस? एवढी धारदार बाई, तिची तुम्ही मवाळ मावशी करून टाकली!

गुरुजी_सांगली: तो मीच. वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुलाने त्या दिवशी विचारलं, 'तुम्हाला भीती नाही वाटली?' दहावीला इतिहास-राज्यशास्त्राला ४० गुण, त्यामुळे पालकांना हा विषय नकोच असतो. शाळेचं ग्रंथालय म्हणाल तर पुस्तकांचं एक कुलूपबंद कपाट, म्हणून बॉट.

पाटीपेन्सिल: कपाटाचं बोललात ते बरं केलंत! पुस्तक हरवलं की भरपाई शिक्षकाने करायची, म्हणून किल्ली कुणी घेतच नाही. माझ्या आईने गहाळ झालेल्या शब्दकोशाचे पैसे स्वतःच्या पगारातून भरले.

रोखठोक: सबबी पुरे. पुस्तकं मुलांच्या हातात फाटली तर फाटू द्या.

पाटीपेन्सिल: फाटू द्या? पैसे तुम्ही भरणार का? मतदारयाद्यांचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, हे सगळं उरकून वर किल्लीही शिक्षकानेच सांभाळायची?

रोखठोक: मग रडत बसा. मी नगरपालिकेच्या वाचनालयात वाचून शिकलो, बापाची ऐपत नव्हती.

जुन्नरची: कपाटावरून भांडण पुरे! २०२३ साली आलेल्या, इतिहासातल्या माणसांशी गप्पा मारायच्या एका ॲपमध्ये हिटलरचा साथीदार हिमलर ज्यूंच्या हत्याकांडाबद्दल खेद व्यक्त करत होता. मेलेल्या माणसाच्या तोंडी जे घालाल ते मुलं खरं मानतात.

गुरुजी_सांगली: मुलांना इतकं भोळं समजू नका. पण नागपंचमीचं ते पत्र मी वर्गात वाचलं नव्हतं हे खरं. आता आधी पत्र वाचेन, मग बॉटला तोच प्रश्न विचारेन आणि त्याचं उत्तर मुलांनाच तपासायला लावेन. बॉट मात्र सोडणार नाही.

जुन्नरची: त्या मुलाचं तोंड बॉटमुळे उघडलं, तेवढं श्रेय देते. तपासायचंच असेल तर १८६८ चं पत्रही घ्या. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि त्याची अस्पृश्य प्रेयसी सारजा यांना गाव मारायला उठलं होतं, तेव्हा बाई धावत जाऊन मध्ये पडल्या. बॉटला विचारा, त्या दिवशी काय झालं. नावं-गावं बिनचूक सांगितली तर पुढे बोलू.